फोटोतले चौसष्ट

हॅलो?… हं, बोल प्रीता… नाही गं, बिझी कसली, गॅरेजमध्ये आहे. हात ओले आहेत, थांब, स्पीकरवर टाकते… हां. येतोय आवाज? बोल आता.

हो, काढलं. आत्ताच काढलं बीअरचं सॅम्पल. ग्लास समोरच आहे माझ्या, ड्रायरवर.

काय सांगू… रंग सुरेख आलाय. असा गडद, काकवीसारखा. अल्कोहोल पण हवं तेवढं झालंय, दहाच्या वर गेलंय. पण वास… अगं, नेलपॉलिश रिमूव्हर!… नाही, किंचित वगैरे नाही. रविवारीच मिहीरनं लांबून नाक मुरडलं आणि विचारलं, "नखं रंगवतेयस का इथे बसून?"

प्यायले ना. एक घोट. घशातून पेटत गेली खाली. आणि लगेच इथे, कपाळात, ठणका… हो, तेच. मागच्या वर्षी कॉम्पिटिशनमध्ये त्या जजनं आपल्याला सुनावलं होतं ना, 'हॉट आहे, सॉल्व्हेंटसारखी लागते', अगदी तसंच. त्याहून वाईट.

अगं ऐक ना… मी काय म्हणते ऐक आधी… त्या एका शेऱ्यासाठी आपण दोघींनी हा जुना फ्रीज आणला की नाही? तुझ्या गाडीत मावेना म्हणून कुणाकुणाच्या हातापाया पडून ट्रक मिळवला. गार-गरम आपोआप सांभाळायला कंट्रोलर लावला. हीटिंग पॅड लावलं. मिहीरची गाडी बिचारी आपल्या ह्या पसाऱ्यापायी वर्षभर पावसात उभी आहे. आणि सेन्सर बीअरच्या बुधल्याच्या, कारबॉयच्या पोटाला चिकटवून वर फोमचा तुकडा कुणी बांधला?… तूच बांधलास. एवढी स्ट्राँग बीअर असली की यीस्टला जोर चढतो, ते स्वतःच तापतं, बाहेरची हवा गार असली तरी आत रटरटत असतं, म्हणून हवेचं नाही, पोटाचं टेम्परेचर बघायचं, चौसष्ट फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे मला कुणी शिकवलं? तूच ना?

नाही, यीस्ट ताजं होतं… ऑक्सिजन पण भरपूर दिला होता… अगं नाही गं, हे तापल्याचंच आहे. शंभर टक्के. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत तापली की संपलं. नंतर कितीही गार कर, उपयोग नाही.

आणि नेमके तेच दिवस मी पार्सिपनीला. बहिणीचं डोहाळजेवण कॅन्सल थोडंच करता येतं… माहितेय गं. तू होतीस म्हणून तर निर्धास्त गेले.

वर्षभर ठेवून देऊ? ठेवून काय होणार?… नाही, लाकडाचे तुकडे घालून पण नाही. थोडा खरखरीतपणा असला तर मुरतो, कबूल. हा वास मुरत नाही. सिंकमध्ये ओतायची, दुसरं काय. ओततानाही चिमणी चालू ठेवावी लागेल.

आई? आई वर आहेत. बॅग भरतायत… हो ना, उद्याच. सॅन होजेला, नीनाकडे. माझ्याकडे मे अखेरपर्यंत राहणार होत्या, पण आता लेकीकडे चालल्या… मिहीर? मिहीर माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नाहीये.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं गं! रविवारी पहिल्यांदा वास घेतला ना, माझं डोकंच फिरलं. त्यात फ्रीजच्या फळीवर ते पांढरं वर्तुळ दिसलं. दह्याचं, वाळून पापुद्रा धरलेलं. आईंना हाक मारली, खाली बोलावलं आणि बोट दाखवून, वाट्टेल ते बोलले. 'इथे दही लागत नाही, थंडी फार, असं रोज म्हणता, म्हणून माझ्या फ्रीजमध्ये लावलंत का? विचारायचं तरी! हा तुमचा नाशिकचा ओटा नाहीये.' प्रीता, सासूला म्हणाले मी असं. सत्तरीच्या बाईला. गॅरेजमध्ये उभं करून.

आणि त्या काय म्हणाल्या? 'असू दे.' बस. एवढंच. 'असू दे' म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

तेव्हापासून दही लावणं बंद… नाही, म्हणजे त्याच्या आधीपासूनच, पाडव्यापासूनच नसेल बहुतेक, मीच लक्ष नाही दिलं. आता दुकानातल्या डब्याचं खातोय… रुसवा, दुसरं काय! ते त्यांचं नाशिकचं विरजण… हो हो, तेच, रुमालावर वाळवून आणलेलं. त्याच रुमालानं कस्टमवाल्यासमोर घाम पुसत आल्या होत्या म्हणे.

हो, तुला त्याच दिवशी सांगितलं होतं ना मी सगळं. तू हसलीस. 'सासवा म्हटल्या की हे चालायचंच' म्हणालीस. खरं सांगू, तेव्हा बरं वाटलं होतं मला. म्हटलं, चला, कुणीतरी माझ्या बाजूचं आहे.

पण मिहीरचं त्या दिवशी एकच पालुपद. 'आई त्या फ्रीजला हात लावेल का? आल्यापासून ती त्याला दारूचा फ्रीज म्हणते. ड्रायरमधून कपडे काढायला आली की पदर आवरून बाजूनं जाते. ती त्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दही लावेल?' आता मलाही वाटायला लागलंय गं… कोण लावेल?

अगं, तुझे फोटो आहेतच की! तुझ्यावर कोण घेतंय? रोज संध्याकाळी न चुकता पाठवलेस. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. तिकडे डोहाळजेवणात मी सगळ्यांना दाखवत होते. बहिणीच्या सासूला वाटलं, हिचं कुणीतरी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट आहे.

नाही, पण तेच तर मला कळत नाहीये… अगं ऐक ना, मोठ्यानं विचार करतेय फक्त. समज, आईंनी दिवसा आत पातेलं ठेवलं, पॅड चालू करून गरम केलं आणि संध्याकाळी तू यायच्या आत काढून घेतलं. बरोबर? पण ही पाच गॅलन बीअर आहे. चहाचा कप नाही. एकदा तापली की दुसऱ्या दिवशीपर्यंत निवत नाही. मग संध्याकाळी तुझ्या फोटोत चौसष्ट कसे?

सेन्सर बिघडला?… नाही. काल बर्फाच्या पाण्यात घालून बघितला. बरोबर बत्तीस दाखवतो, बर्फाचे असतात तेवढेच.

फोटोच बघते ना परत. थांब… का नको? असतील की, व्हॉट्सॲपवरच आहेत. कुठे गेलं… डोहाळजेवण, डोहाळजेवण, हिरवी साडी… हां. हा गुरुवारचा. चौसष्ट. मागे आमचा ड्रायर. ड्रायरवर पेला आहे एक. स्टीलचा, आईंचा पाणी प्यायचा… कंट्रोलरची वायर… एक मिनिट. मोठा करते.

प्रीता, वायर पेल्यात गेलीय.



सेन्सरची वायर पेल्यात का गेलीय? ती फ्रीजमध्ये जायला हवी. कारबॉयच्या पोटाला… 'चेक करत होते' म्हणजे? गुरुवारी चेक करत होतीस. शुक्रवारी? शुक्रवारच्या फोटोत पण पेला आहे. आणि शनिवारचा… शनिवारचा तू खालून कापलायस. पण वायर वरून खाली सरळ लोंबतेय, फ्रीजच्या दाराकडे वळतच नाहीये.

नाही, फोन नको ठेवूस. पेशंट बसलाय तर बसू दे, दाढ काही पळून जात नाही त्याची. सांग मला.

…

दह्याची पातेली? माझ्या फ्रीजमध्ये? किती?

पाच.

श्रीखंडासाठी. मंडळाच्या पाडव्याच्या.

अरे देवा… अगं, रविवारी मंडळाच्या प्रल्हादकाकांनी स्टेजवरून सांगितलं ना, 'यंदा विकतचा चक्का नाही बरं का, प्रीतानं दही घरी लावलंय'! टाळ्या वाजवल्या मी! विमानतळावरून तशीच हॉलवर आले, घरी जाऊन बीअर बघायच्या आधी, आणि दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी मागून घेतली. तूच वाढलीस, प्रीता. 'अजून घे गं' म्हणालीस.

तुझ्या अव्हनमध्ये दोनच मावतात, मान्य. कमिटीपुढे कबूल करून बसली होतीस, मान्य. मग पॅडचा प्लग काढून सरळ भिंतीत लावलास? म्हणजे कंट्रोलरनं बंद करायचा प्रश्नच नाही. आणि आत गरम झालं की फ्रीज सुरू होईल म्हणून सेन्सर काढून पेल्यात. बरोबर आहे, तुला सगळं माहीत आहे ना, तूच बसवलंयस सगळं. दुसऱ्या कुणाला हे जमलंही नसतं.

आणि पेल्यातलं पाणी? ते आपोआप चौसष्ट होतं का? ह्या गॅरेजमध्ये? इथे मार्चमध्ये खोबरेल तेल थिजतं… काय? गरम पाणी घालून आणलंस चौसष्टवर? थोडं थोडं?

एवढी मेहनत घेतलीस.

एवढ्या मेहनतीत कारबॉय बाहेर काढून ठेवता आला असता गं… जड आहे, माहितेय मला. मिहीर होता ना वर! हाक मारायचीस… हो. बरोबर. मिहीरला हाक मारली असती तर मला कळलं असतं.

एकच रात्र, एकच रात्र काय लावलंयस! ती एकच रात्र कुठली होती? यीस्ट उसळायला लागलेलं, ती रात्र. आणि एकच रात्र होती तर शुक्रवारी पेला कशाला? शुक्रवारी सकाळी पातेली नेलीस, सेन्सर परत चिकटवलास, आणि मग?… किती दाखवत होता?

ब्याण्णव.

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं.

मग फोटोपुरता सेन्सर पेल्यात घालायचा, क्लिक करायचं, परत चिकटवायचा. मी येईपर्यंत फ्रीजनं ओढून आणलंच खाली. आणि मी तिकडून तुला काय पाठवत होते? हात जोडलेले. 'तू आहेस म्हणून' असं लिहून… वाच ना, आहे अजून तिथे. खाली तू बदाम पाठवलायस. लाल.

हो, ओरडले असते! का नाही ओरडणार? तुझ्यावर ओरडले असते. तास, दीड तास. मग तू मला ते श्रीखंड खायला घातलं असतंस आणि पुढच्या शनिवारी आपण दोघींनी नवीन बॅच लावली असती. ही तुझी पण होती ना गं? वर दोघींचं नाव लागणार होतं. स्वतःच्या बीअरशी असं वागतं का कुणी?

…नाही, बीअर सोड. खड्ड्यात गेली बीअर. ऐक… नाही, तू ऐक. रविवारी मी तुला फोन केला. रडत होते मी. आईंना काय काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं तुला. तेव्हा नुसतं 'यामिनी, मी केलंय' एवढं म्हणायचंस. तीन शब्द! आणि तू हसलीस. कशी हसलीस तू? मी वर जाऊन त्यांचे पाय धरले असते रविवारीच. तिकीट निघालं नसतं.

घाबरलीस. मला? मला घाबरलीस, आणि त्यांना पुढे केलंस… केलंस! 'सासवा म्हटल्या की' कोण म्हणालं मग?

एक विचारू? त्या पाच पातेल्यांना विरजण कुठलं लावलंस?… तुझ्या घरी तर दुकानातलं असतं. त्याचं दही एवढं घट्ट नाही येत… प्रीता, विरजण कुठलं?

आईंचं.

म्हणजे आईंना माहीत होतं. तूच खाली आणलंस का त्यांना? नाही… नुसतं मागून नेलंस वरून. आणि काय सांगितलंस? शब्दाला शब्द सांग मला.

'पातेली खालच्या फ्रीजमध्ये ठेवतेय, यामिनीला एवढ्यात सांगू नका, उगाच टेन्शन घेईल. परत आली की मी सांगेन.' आणि त्यांनी 'बरं' म्हटलं. त्यांना काय माहीत बीअर तापली की काय होतं. त्यांच्या दृष्टीनं तू माझी मैत्रीण, तुझा हात ह्या घरात कुठेही लागतो, तुझ्याकडे गॅरेजचा कोड आहे…

थांब. दार वाजलं… आई? या ना आत. सांभाळून, पायरी ओली आहे. नाही, भांडत नाहीये कुणाशी… हो, भांडतेय. प्रीता आहे फोनवर.

आई, तुम्हाला माहीत होतं ना हिनं केलंय ते?

मग बोलला का नाहीत? मी तोंडाला येईल ते बोलत सुटले होते, तेव्हा एक शब्द…

ऐकतेयस ना, प्रीता? आई म्हणतायत, 'तिला बरं म्हटलं होतं. तिनंच सांगायचं होतं.' चार दिवस वाट बघितली त्यांनी. तुझी. रोज संध्याकाळी खिडकीत उभ्या असायच्या गं, मला वाटायचं मिहीरची गाडी बघतायत.

आई, माझं चुकलं. फार चुकलं. ती बॅग राहू द्या ना. मी मिहीरला सांगते, तिकीट कॅन्सल… हं… हं… नाही, बरोबर आहे तुमचं. नीनानं सुट्टी टाकलीय. बरोबर आहे.

प्रीता, तुला काय बोलायचंय त्यांच्याशी? स्पीकरवरच आहेस, बोल… बोल ना. माझ्याशी एवढा वेळ बोललीस की… मग राहू दे.

काय, आई?… कुठला डबा?

…आई विचारतायत, त्यांचा डबा कुठे आहे. विरजणाचा. छोटा, कडीचा. थोडं देत होत्या वाटीत, तर तू म्हणालीस, पाच पातेली आहेत, अख्खा डबाच द्या, दोन दिवसांत आणून देते… म्हणजे, आई, तुम्ही म्हणून दही लावत नव्हता? विरजणच नव्हतं घरात? आणि मी जगाला सांगत सुटलेय, रुसल्या म्हणून!

ऐक प्रीता. उद्या दुपारची फ्लाइट आहे. त्यांना तो डबा नीनाकडे न्यायचाय. आत्ता निघ बेलव्ह्यूहून, क्लिनिक सोडून निघ. डबा दारात ठेव. बेल वाजवू नकोस, आत येऊ नकोस, गॅरेजकडे फिरकू नकोस, कोड मी बदलतेय. आणि हे बघ, डबा धुवू नकोस. तळाशी, कडेला जे काही चिकटलं असेल ते तसंच राहू दे. बोटभर पुरतं त्यांना…

काय?

कधी?

…डिशवॉशरमध्ये?

आणि त्या दह्यातलं काही? वाटीभर? चमचाभर? फ्रीजच्या मागे कुठेतरी, बघ ना गं नीट… सगळ्याचा चक्का केलास. आणि चक्का सगळा साखरेत गेला.

…

आई. ऐकलंत तुम्ही… हो. स्पीकरवरच आहे ती.

…

प्रीता, रडू नकोस. मला ऐकायला येत नाहीये तुझ्या रडण्यात. आई काहीतरी म्हणतायत… आई म्हणतायत, 'असू दे.'

नाही, नीट ऐक. 'असू दे' असं आई म्हणतायत. मी म्हणत नाहीये.

ठेवते.